मास्क तिच्याच हातात

श्रीधररावांच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नव्हती, डाळिंब सोलायची होती. स्पृहा, त्यांची एकुलती एक मुलगी, बाळंतपणासाठी माहेरी आल्यापासून रोज सकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसून डाळिंब सोलत. पांढरा पापुद्रा नावालाही राहू देत नसत. मग वाटी तिच्यापुढे सरकवून म्हणत, "खाऊन टाक, उगाच पडून राहील." एवढंच. चिंचवडच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात सगळी नोकरी झालेली. हात स्थिर, जीभ तिखट. मनात जे काही यायचं ते हातांवाटे बाहेर पडायचं, आणि तोंडातून जे निघायचं ते बहुतेक वेळा टोमणा असायचा.

माहेरी आली म्हणजे फार लांबून आली असं नाही. सासर वारज्यात, माहेर कोथरूडमध्ये, मध्ये एक पूल आणि थोडं ट्रॅफिक. पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे माहेरी. सलिल, तिचा नवरा, दोन बॅगा आणि एक भला मोठा रबरी चेंडू घेऊन तिला सोडायला आला, आणि त्याच संध्याकाळी जेवायला आला, आणि मग येतच राहिला. हेमाताई, म्हणजे स्पृहाची आई, एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "बाळंतपणाला नक्की कोण आलंय ते एकदा ठरवा, म्हणजे तसं पथ्य करते."

चेंडूची गोष्ट अशी. स्पृहा चौदा वर्षांची असताना तिचा पाठीचा कणा वाकडा वाढायला लागला होता. मोठं ऑपरेशन झालं, पाठीत धातूच्या दोन सळ्या बसल्या. आता ती उभी राहिली की कुणाला कळतही नाही, पण भूलतज्ज्ञांनी तिचे जुने एक्स-रे उजेडात धरून पाहिले आणि मान हलवली. कमरेत सुई घालून कळा बधिर करायची ती पद्धत, एपिड्यूरल, हिला देणं कठीण. सुई नीट जाईल याचा भरवसा नाही, आणि गेली तरी औषध सगळीकडे पोचेल याचा नाही. स्पृहानं त्या सुईवर सगळी भिस्त ठेवली होती. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी ती सुई घेऊन गप्पा मारत बाळंत झाल्या होत्या, निदान त्या तसं सांगत होत्या.

पुढच्या आठवड्यात ती प्रसूतिगृहातल्या नीरजाला भेटायला गेली. नीरजा तिथली मिडवाइफ; बाळंतपणाचंच खास शिक्षण घेतलेली, चाळिशीची, हसऱ्या चेहऱ्याची आणि अजिबात घाई नसलेली बाई. सलिलबरोबर श्रीधररावही गेले. का, तर स्पृहाची पर्स धरायला. गेल्या कित्येक वर्षांत तिनं त्यांच्यासमोर स्वतःची पर्स उचललेली नव्हती.

"सुई नाही म्हणजे काहीच नाही, असं मुळीच नाही," नीरजा म्हणाली. "पण आधीच सांगते, यातलं एकही दुखणं पुसून टाकणारं नाही. सोसण्याइतकं करणारं आहे. आणि एकच धरून बसायचं नाही. एकाचा कंटाळा आला की दुसरं."

मग तिनं एका मोठ्या रबरी चेंडूवर बसून कंबर कशी फिरवायची ते दाखवलं, आणि तसाच एक घरी घ्यायला सांगितला. सुरुवातीच्या कळा घरीच, चालत-फिरत काढायच्या म्हणाली. कमरेवर गरम पाण्याचा शॉवर सोडला की कितीतरी जणी तिथून बाहेर यायलाच तयार होत नाहीत, असंही म्हणाली. कळ आली की माकडहाडाच्या वर तळव्यानं दाब कसा द्यायचा हे तिनं सलिलला शिकवलं. सलिल हळूच दाबत होता. "अहो, कणीक मळताय का? जोर लावा," नीरजा म्हणाली. इंजेक्शनही असतं, पण त्यानं गुंगी येते, आणि अगदी शेवटी दिलं तर बाळही सुस्त होतं, म्हणून ते वेळ बघूनच. सर्वांत शेवटी तिनं भिंतीजवळच्या सिलिंडरची नळी पुढे ओढली. नळीच्या टोकाला मास्क होता.

"हा गॅस. निम्मा प्राणवायू, निम्मा गुंगीचा. कळ यायला लागली, अगदी चाहूल लागली, की लगेच ओढायला सुरुवात करायची. कारण याला चढायला थोडा वेळ लागतो. कळ शिगेला पोचल्यावर ओढलात तर कळ संपल्यावर चढणार, मग काय उपयोग? आणि एक नियम. मास्क बाईनं स्वतःच्या हातानं धरायचा. दुसऱ्या कुणीही नाही."

"आणि हिला ग्लानी आली तर?" श्रीधररावांनी विचारलं. "मग कोण धरणार?"

"कुणीच नाही काका, तेच तर त्यातलं शहाणपण आहे. गुंगी जास्त झाली की हात सैल पडतो, मास्क आपोआप खाली येतो, साधी हवा आत जाते आणि बाई ताळ्यावर येते. दुसऱ्यानं धरून ठेवला तर तो खाली येणार कसा?"

श्रीधररावांनी मान डोलावली. नियम त्यांना पटला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली सूचना वाचावी तसा त्यांनी तो मनात वाचून ठेवला.

घरी येताना मागच्या सीटवरून स्पृहा म्हणाली, "बाबा, मला दुखण्याची भीती वाटतेच. पण त्याहून जास्त भीती त्या पडून राहण्याची वाटते. ऑपरेशननंतर आठवतंय? सगळे माझ्यावर काहीतरी करत होते. वळवत होते, पुसत होते, भरवत होते. मी फक्त एक वस्तू होते. आता परत तसं नको. तो मास्क मी धरायचा म्हणाली ना ती, ते मला आवडलं. तेवढं तरी माझं माझं असेल."

ते सगळं करणारे हात श्रीधररावांचेच होते. वळवणारे, पुसणारे, भरवणारे. तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते लागलं. गाडी थांबल्यावर ते उतरले आणि म्हणाले, "पर्स दे इकडे."

सगळं असं जुळून आलेलं असताना नववा महिना भरत आला आणि सलिलला कांजिण्या झाल्या. ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला केक खायला गेला आणि हे घेऊन आला. स्पृहाला लहानपणीच येऊन गेल्या होत्या, तिला धोका नव्हता. पण प्रसूतिगृहाच्या पायरीवरदेखील पाऊल ठेवायचं नाही, अशी डॉक्टरांनी त्याला ताकीद दिली. तो वारज्याच्या फ्लॅटमध्ये अंगभर गुलाबी औषध फासून बसला आणि व्हिडिओ कॉलवरून रडवेल्या चेहऱ्यानं बघायला लागला.

आत एकाच माणसाला परवानगी होती. हेमाताईंनी अर्थातच आपली पिशवी भरायला घेतली. स्पृहा त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"आई, बाबा येऊ दे."

"कोण?"

"बाबा. तू रडशील गं. मग मी कळा सोडून तुझे डोळे पुसत बसेन. ऑपरेशनच्या वेळीही तू खोलीबाहेर होतीस, आठवतं ना? ड्रेसिंग बघवत नव्हतं तुला."

हेमाताईंना ते फार लागलं. दिवसभर त्या भांडी जरा जोरात ठेवत होत्या. पण मुलगी खरं बोलली हेही त्यांना कळत होतं. संध्याकाळी चहाचा कप नवऱ्यापुढे आदळून म्हणाल्या, "जा तुम्हीच. ही जन्मली तेव्हा बाहेर बाकावर बसून शब्दकोडं सोडवत होतात. अडलेलं असेल तर आत जाऊन पुरं करा."

श्रीधररावांच्या बहिणीनं फोनवर आश्चर्य व्यक्त केलं. "अरे, बाप कधी आत जातो का?"

"आजवर गेला नसेल. आता जातोय," ते म्हणाले. "तुला यायचं असेल तर बाहेर बाकावर जागा आहे."

फोन ठेवल्यावर मात्र ते एकच गोष्ट घोळवत बसले. मुलीनं आईला बाजूला ठेवून आपल्याला निवडलंय, आणि आपण तिथे कामाला आलो नाही तर? या वयात असली परीक्षा द्यावी लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तो दिवस उजाडला तेव्हा स्पृहा टेबलाशी बसली होती. डाळिंबाची वाटी तिनं हळूच बाजूला केली आणि म्हणाली, "बाबा, मला वाटतं सुरू झालंय."

घरातला वेळ छान गेला. छान म्हणायचं म्हणजे, श्रीधररावांचा छान गेला. स्पृहा चेंडूवर बसून कंबर फिरवत होती, हेमाताई रबरी पिशवीत गरम पाणी भरून देत होत्या, आणि कळ आली की श्रीधरराव तिच्या पाठीशी गुडघे टेकून, जुन्या व्रणाच्या खाली, तळव्यानं दाब देत होते. ती पाठ त्यांना पाठ होती. कुठे सळी संपते आणि कुठे मऊ लागतं हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

"बाबा, अजून जोरात. हां. तिथेच. सलिलपेक्षा बेटर आहेस तू."

"त्याला कळवतो," श्रीधरराव म्हणाले आणि मनातून फुलून गेले. आपल्याला हे जमतंय. हात आहेत तोवर काळजी नाही, असं त्यांना वाटलं.

प्रसूतिगृहात पोचले तेव्हा कळा जवळजवळ यायला लागल्या होत्या. खोली स्वतंत्र होती. नीरजानं श्रीधररावांची खुर्ची खाटेच्या डोक्याच्या बाजूला ठेवली आणि सांगितलं, "काका, तुमची हद्द इथपर्यंत." त्यांना ते बरंच वाटलं. हेमाताई बाहेर बाकावर बसल्या, मांडीवर खाऊचा डबा, डब्यावर दोन्ही हात.

स्पृहा पुष्कळ वेळ गरम शॉवरखाली राहिली. श्रीधरराव न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर टॉवेल घेऊन, भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत उभे होते. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मधेच तिचा, लांब, खोल, कण्हल्यासारखा. आवाज आला की त्यांच्या हाताची पकड टॉवेलवर घट्ट होई. आत जाता येत नव्हतं, दाबता येत नव्हतं, काही धरून देता येत नव्हतं. तेवढा वेळ त्यांना फार मोठा वाटला.

ती बाहेर आली, कूस करून पडली, आणि आता पाठीवरचा दाबही तिला नको झाला. "नको बाबा. हात नको. कुणीच हात लावू नका." पोटावरचा, कळा मोजणारा पट्टा तिनं काढायला लावला; नीरजानं पोटावर हात ठेवून कळ ओळखायचा प्रयत्न केला तर तोही झटकला. बाळाचे ठोके तेवढे नीरजा अधूनमधून यंत्र टेकवून ऐकत होती. मग तिनं मास्क स्पृहाच्या उजव्या हातात दिला.

पहिल्या एकदोन वेळा जमलं नाही. मग एकदा जमलं. कळ ओसरल्यावर स्पृहानं मास्क खाली घेतला आणि आश्चर्यानं म्हणाली, "दुखतंय, पण पलीकडच्या खोलीत दुखतंय." श्रीधररावांचा जीव भांड्यात पडला. ती हसली देखील. "बाबा, मस्त आहे हे. थोडं गरगरतं. तू पण घे."

"मला तुझ्या आईशी बोलून तेवढंच होतं," ते म्हणाले.

शेजारच्या खोलीतून नीरजाला बोलावणं आलं. "आलेच दोन मिनिटांत. चाललंय छान," म्हणून ती गेली.

आणि तेव्हाच एक मोठी कळ आली. स्पृहानं मास्क लावला, दोन-चार श्वास ओढले, तिसऱ्या-चौथ्याला तिचे डोळे अर्धवट मिटले, आणि कपाळावर आठ्या तशाच असताना हात घसरायला लागला. मास्क नाकावरून गालावर आला. ती कण्हली. श्रीधररावांना नियम माहीत होता. विचारला असता तर त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवला असता. पण मुलीचा हात घसरतोय आणि ती कण्हतेय, एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांच्या हातांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. त्यांनी मास्क उचलला, तिच्या नाकातोंडावर नीट बसवला आणि घट्ट धरून ठेवला. "ओढ बाळा, ओढ. मी धरलाय."

स्पृहानं मान वळवायचा प्रयत्न केला. मास्क मानेबरोबर वळला. तिचा हात वर आला, त्यांच्या मनगटावर आपटला आणि निसटून खाली पडला. त्यांना वाटलं, ती आधार शोधतेय.

"काका!"

नीरजा दारातून आली ती सरळ त्यांचं मनगट धरून बाजूला करत. आवाज चढला नव्हता, पण हसू पार गेलं होतं. तिनं स्पृहाचा गाल थोपटला, नाडी पाहिली, बाळाचे ठोके ऐकले. सगळं ठीक होतं. स्पृहानं डोळे उघडले. आधी तिला समजेना कुठे आहोत. मग तिनं बापाकडे पाहिलं.

"बाबा, मी बाजूला ढकलत होते," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "तू सोडलाच नाहीस."

"काका, जरा बाहेर थांबा," नीरजा म्हणाली. "चहा घ्या. मी बोलावते. किंवा काकूंना पाठवा."

श्रीधरराव बाहेर आले आणि हेमाताईंच्या शेजारी बसले. हेमाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. नवऱ्याचा चेहरा असा पडलेला त्यांनी फार वेळा पाहिला नव्हता.

"काय केलंत?"

त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. सांगता सांगता आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. "मला वाटलं तिला मदत होतेय," ते म्हणाले. "ती मला ढकलत होती हेमा, आणि मला ते कळलंसुद्धा नाही." त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. काही झालं असतं तर, हे वाक्य त्यांच्या तोंडून पुरं होईना.

हेमाताई आता टोमणा मारतील असं त्यांना वाटलं. त्यांनी मारला नाही असंही नाही. "तिशी आली तिची," त्या म्हणाल्या, "आणि अजून चपलेचा पट्टा तुम्ही लावून देता. माझ्या चपला मला कपाटाखालून शोधाव्या लागतात." मग त्यांनी पदर सावरला. "अहो, मला तिनं आत नको म्हटलं तेव्हा मी दिवसभर रडले. पण कळलं मला. मला माझं रडू आवरत नाही. तुम्हाला तुमचे हात आवरत नाहीत. दोघांनाही तिच्यापेक्षा आपलीच पडलेली असते."

"मग तू जा आत."

"मी नाही जाणार. तिनं तुम्हाला मागितलंय. मागितलेल्या माणसानं जायचं असतं." त्यांनी डबा उघडला, पाहिलं, आणि पुन्हा बंद केला. "हात बांधून ठेवा, पण जा."

आतून स्पृहाचा आवाज आला. लांब आणि चिरका. आधीच्या आवाजांसारखा नव्हता तो. श्रीधरराव उभे राहिले. तेवढ्यात नीरजा दारात आली.

"काका, ती तुम्हाला बोलावतेय. मी नको म्हटलं असतं, पण तिनं दोनदा विचारलं." ती जरा थांबली. "हात मात्र..."

"मागे," श्रीधरराव म्हणाले, आणि शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पाठीमागे घेऊन आत गेले.

खोलीत गोष्टी बिघडल्या होत्या. कळा लागोपाठ येत होत्या, आणि मधल्या वेळात स्पृहा इतकी थकून डोळे मिटायची, की पुढची कळ अंगावर आदळल्यावरच तिला जाग यायची. मग घाईघाईनं मास्क, मग श्वास धड लागेना, आणि गॅस चढेपर्यंत कळ ओसरायला लागलेली. "उशीर होतोय मला," ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळं उशिरा होतंय. मला नाही जमणार. द्या ते इंजेक्शन. काहीही द्या, मला झोपवून टाका." त्या शेवटच्या शब्दांनी श्रीधरराव हादरले. जे तिला नको होतं तेच ती मागत होती.

"इंजेक्शनची वेळ गेली गं," नीरजा म्हणाली. "बाळ जवळ आलंय. गॅसच आपला. फक्त लवकर पकडायला हवं."

श्रीधरराव खुर्चीवर बसले. हात पाठीमागे, बोटं एकमेकांत घट्ट. करायला काहीच नव्हतं. हातावर हात ठेवून बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि आता तेच करायचं होतं. मग ते जे करू शकत होते तेवढंच त्यांनी केलं. मुलीकडे बघत राहिले.

तिचा डावा हात चादरीवर मोकळा पडला होता. डोळे मिटलेले, चेहरा शांत. आणि मग, चेहऱ्यावर काहीच उमटलेलं नसताना, डाव्या हाताचा अंगठा हळूच वळला आणि मुठीत गेला. थोड्या वेळानं कपाळाला आठी पडली, आणि मग ती किंचाळत जागी झाली.

श्रीधररावांना ते ओळखीचं वाटलं. ऑपरेशननंतर बाहेरच्या पॅसेजमध्ये ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा आवाज झाला की, ती झोपेत असली तरी, तिचा हाच अंगठा मुठीत जायचा. तेव्हा ते ती मूठ आपल्या हातात घेऊन बसायचे. इतक्या वेळा घेतली होती की ती मूठ कधी आणि का वळते हे नीट पाहायचं राहूनच गेलं होतं.

पुढच्या वेळी अंगठा हलला तशी त्यांची बोटं पाठीमागे ताठ झाली. त्यांनी ती सोडली नाहीत. फक्त म्हणाले, "स्पृहा, आता."

तिनं डोळे उघडले. "काय?"

"आता. ओढ."

"अजून काही नाही..." म्हणत तिनं मास्क लावला, आणि एका श्वासातच तिला ती येताना जाणवली. ती ओढत राहिली. कळ वर चढली, शिगेला गेली, आणि स्पृहा तिच्याबरोबर वर जाऊन तिच्याबरोबर खाली आली. किंचाळली नाही. हात सैल झाला, मास्क हनुवटीवर घसरला. श्रीधररावांनी तो घसरताना पाहिला. पाहणं फार कठीण होतं, पण पाहिला. तिनं दोन श्वास साधे घेतले आणि डोळे उघडले.

"कसं कळलं तुला?"

"तू झोप. मी आहे."

नीरजानं त्यांच्याकडे, मग त्या मुठीकडे पाहिलं. तिनं आपलं स्टूल जरा मागे घेतलं. मग त्या खोलीत बराच वेळ एकच शब्द होता. आता. काही वेळ काहीच नाही. मग पुन्हा, आता. दर वेळी स्पृहा मास्क उचलायची, स्वतःच्या हातानं, आणि दर वेळी तो तिच्याच हातातून खाली यायचा. कधी अंगठा उगाच हलायचा आणि श्रीधरराव चुकायचे. "बाबा, फॉल्स अलार्म," ती गुंगीत हसून म्हणायची. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते, ते बाजूला सारावेत असं त्यांना शंभरदा वाटलं. त्यांनी सारले नाहीत. पाठीमागे बोटं बधिर झाली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. आपल्या मुलीचा एवढा अभिमान त्यांना कधीच वाटला नव्हता.

डॉक्टर आल्या. आता जोर करायची वेळ झाली होती. स्पृहानं मास्क पाहिला आणि स्वतःच बाजूला ठेवला. "नको आता," ती म्हणाली. "हे मला नीट कळू दे."

त्यानंतरचं श्रीधररावांना सलग आठवत नाही. ते फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो लाल झाला, वेडावाकडा झाला, तिच्या तोंडून असा एक आवाज निघाला की बाहेर हेमाताई उभ्या राहिल्या. मग तो चेहरा एकदम मोकळा झाला, आणि कुणीतरी रडायला लागलं. बारीक, चिडक्या आवाजात.

"मुलगी," डॉक्टर म्हणाल्या.

बाळ आधी स्पृहाच्या छातीवर ठेवलं. ती त्याच्या डोक्यावरून बोट फिरवत काहीतरी पुटपुटत होती. नीरजानं फोन धरला होता, त्यात गुलाबी ठिपक्यांचा सलिल हुंदके देत होता. दार किलकिलं झालं, हेमाताई आल्या, अपेक्षेप्रमाणे रडायला लागल्या, आणि आता त्यांना कुणी थांबवलं नाही. श्रीधरराव खुर्चीतून उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. हात अजून पाठीमागेच होते.

बऱ्याच वेळानं नीरजानं बाळ पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलं आणि त्यांच्यासमोर आणलं. "आजोबा, घ्या."

श्रीधरराव हलले नाहीत. त्यांनी त्या इवल्याशा तोंडाकडे पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं. स्पृहा डोळे मिटून पडली होती. झोपली असावी असं वाटलं, पण ती झोपली नव्हती. ती अर्धवट डोळ्यांनी त्यांच्याकडेच बघत होती. त्यांचे अवघडलेले खांदे तिला दिसले, पाठीमागे जखडलेले हात दिसले, आणि ते कशाची वाट बघतायत तेही कळलं.

"बाबा," ती म्हणाली, "आता."